फाइल नेमकी कुठे अडते? ऑफिसच्या कामासाठी व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग, पायरी-पायरीने

"एवढ्याशा कामाला पंधरा दिवस?" असं कुणी विचारलं की ऑफिसात उत्तर ठरलेलं असतं: माणसं कमी आहेत. कधीकधी ते खरंही असतं. पण एखाद्या अर्जाचा किंवा बिलाचा माग काढत गेलात, तर प्रत्यक्ष कामाला मिनिटं लागलेली दिसतात आणि बाकीचे दिवस ते कागद दोन टेबलांच्या मध्ये पडून राहिलेले दिसतात. व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग म्हणजे हे पडून राहणं कागदावर, आकड्यांसकट, सगळ्यांना दिसेल असं मांडणं.

ही पद्धत कारखान्यातून आली. टोयोटामध्ये माल आणि माहिती कशी वाहते याची रेखाटनं काढत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस माइक रॉदर आणि जॉन शूक यांनी ती बाहेरच्या जगाला नीट समजावून सांगितली. कारखान्यात अडलेला माल जमिनीवर ढीग होऊन दिसतो. ऑफिसात मात्र ढीग इनबॉक्समध्ये, 'पेंडिंग' फोल्डरमध्ये आणि कुणाच्या तरी डोक्यात असतो. म्हणून तीच पद्धत ऑफिसात वापरताना थोडी वाकवावी लागते. या विषयावरचं बरंचसं लिखाण कारखान्याच्या भाषेत आहे, त्यामुळे नवख्या माणसाचा पहिला आठवडा चिन्हं पाठ करण्यातच जातो. तो तुमचा वाचावा म्हणून हा लेख.

उदाहरणासाठी पुरवठादाराचं बिल येण्यापासून त्याचे पैसे जाण्यापर्यंतचा प्रवास घेतला आहे. त्यातले आकडे फक्त गणित समजावं म्हणून धरलेले आहेत.

१. एकच सेवा निवडा आणि तिची दोन टोकं ठरवा

"आमच्या विभागाचं सगळं काम" असा नकाशा होत नाही. एका प्रकारचं काम घ्या. बिलांमध्येही खरेदी आदेश असलेली बिलं वेगळ्या वाटेने जातात आणि आदेश नसलेली वेगळ्या. ज्या प्रकाराची संख्या जास्त किंवा ज्याबद्दल ओरड जास्त, तो आधी घ्या.

मग टोकं ठरवा. सुरुवात कुठून? बिल तुमच्या आवक रजिस्टरात चढलं तेव्हापासून की पुरवठादाराने पाठवलं तेव्हापासून? शेवट कुठे? मंजुरी झाली तिथे की पैसे खात्यात पडले तिथे? ग्राहकाच्या नजरेने मोजायचं असेल, तर दोन्हीकडे बाहेरचं टोक धरा. विभागांना आतली टोकं धरायला आवडतं, कारण त्यात आपला आकडा छान दिसतो.

हे सगळं एका वाक्यात लिहून काढा: "खरेदी आदेश असलेलं बिल, पुरवठादाराने पाठवल्यापासून पैसे जमा होईपर्यंत." पुढे चर्चा भरकटायला लागली की हे वाक्य कामी येतं, आणि चर्चा भरकटतेच.

२. माणसं, परवानगी आणि सामान

प्रक्रियेत जितके विभाग येतात, त्या प्रत्येकातला प्रत्यक्ष काम करणारा एक माणूस हवा. साहेब लोकांना नकाशा काढायला बसवलंत, तर प्रक्रिया कशी असायला हवी ते कळेल, कशी आहे ते कळणार नाही. पण सगळ्या विभागांवर ज्याचा शब्द चालतो असा एक वरिष्ठ पाठीशी हवाच. तो नसेल तर काम सुरूच करू नका. अडचणी जवळजवळ नेहमी दोन विभागांच्या शिवेवर सापडतात आणि तिथे एकट्या विभागप्रमुखाचं काही चालत नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा: नकाशावर कुणाचंही नाव येणार नाही, फक्त पद किंवा टेबल येईल. घड्याळ घेऊन कुणी शेजारी उभं राहिलं की लोकांना आपल्याच कामाची चौकशी लागल्यासारखं वाटतं. एकदा हा संशय बसला की मिळणारे सगळे आकडे गुळगुळीत होतात.

जवळ हे असू द्या:
- ए३ आकाराचे कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर
- चिकटचिठ्ठ्या आणि भिंतीला लावायला मोठा कागद
- नुकत्याच पूर्ण झालेल्या सुमारे २० प्रकरणांच्या फाइली किंवा नोंदी, प्रत्येक टप्प्याच्या तारखांसह
- आवक-जावक रजिस्टर किंवा सॉफ्टवेअरमधली नोंद
- आज प्रलंबित असलेल्या कामांची टेबलवार संख्या
- वापरात असलेले फॉर्म, तपासणी याद्या आणि लोकांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या एक्सेल शीट

शेवटची बाब विसरू नका. अधिकृत सॉफ्टवेअर असतानाही कुणी स्वतःची वेगळी एक्सेल ठेवत असेल, तर सॉफ्टवेअरमधून त्याला हवी ती माहिती मिळत नाही असं समजा. नकाशावर दाखवायला ही मोलाची खूण आहे.

नकाशा काढायचं सॉफ्टवेअर या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. पेन्सिलने काढलेल्या रेघेवर लोक बोट ठेवून "हे असं नाही होत" म्हणतात. छापील, रंगीत चित्रासमोर बसलेली माणसं नुसती मान डोलावतात.

३. चालून या, तेही उलट्या दिशेने

मॅन्युअलमध्ये किंवा कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बाजूला ठेवा. शेवटच्या टेबलापासून सुरुवात करा, म्हणजे पैसे पाठवणाऱ्यापासून, आणि मागे मागे चालत या. उलटं का? शेवटच्या माणसाला विचारता येतं, "तुझ्याकडे येतं ते तुला हवं तसं येतं का?" त्याचं उत्तर घेऊन मागच्या टेबलाशी गेलात की बोलणं आपोआप नेमकं होतं. पुढून चालत गेलं तर प्रत्येक जण आपलं काम कसं चोख आहे एवढंच सांगतो.

प्रत्येक टेबलाशी चार प्रश्न पुरतात. काम तुमच्याकडे कसं येतं, एकेक की गठ्ठ्याने? आलेल्यातलं आधी कुठलं घ्यायचं ते कसं ठरवता? काय कमी असलं की परत पाठवता किंवा फोन करून विचारता? झालेलं काम पुढे कधी पाठवता? शेवटच्या प्रश्नावर "संध्याकाळी सगळं एकदम" किंवा "शुक्रवारी" असं उत्तर आलं, तर ते ठळक अक्षरात लिहून घ्या.

काम ऑनलाइन चालत असेल, तर शेजारी बसून स्क्रीन बघा. ऑनलाइन आहे म्हणजे रांग नाही असं मुळीच नाही. ती फक्त दिसत नाही.

४. प्रत्येक टेबलाचे तीन आकडे

दहा-बारा आकडे गोळा करण्याचा मोह टाळा. तीन पुरे.

काम-वेळ: मध्ये काही न थांबता एक बिल हातावेगळं करायला लागणारा वेळ. हा मिनिटांत येतो.

थांबा: बिल त्या टेबलाशी आल्यापासून कुणी हातात घेईपर्यंतचा वेळ. हा दिवसांत येतो.

निर्दोष प्रमाण: या टेबलावरून पुढे गेलेल्या शंभर बिलांपैकी किती बिलं पुढच्याला काही विचारावं न लागता, काही दुरुस्त करावं न लागता वापरता येतात. हा आकडा ज्याने काम केलं त्याला विचारू नका. पुढच्या टेबलाला विचारा. कारखान्यातल्या नकाशात या आकड्याला एवढं महत्त्व नसतं, ऑफिसात मात्र सगळा घोळ इथेच असतो.

थांबा मोजायला तारखा मिळत नसतील, तर एक सोपी युक्ती आहे. टेबलावर किती कामं पडून आहेत ते मोजा आणि तिथून रोज सरासरी किती निघतात त्याने भागा. मंजुरीसाठी ८० बिलं पडलेली असतील आणि रोज २० निघत असतील, तर आज आलेल्या बिलाचा नंबर साधारण ४ दिवसांनी लागेल. रांगांच्या शास्त्रात याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता मांडली. येणं आणि जाणं साधारण सारखं असेल तिथे तो चांगला चालतो. ढीग रोज वाढत असेल, तर येणारं उत्तर कमीतकमी समजा.

या टप्प्यावरचे तीन सापळे:

'अर्जदाराकडे प्रलंबित' हा शेरा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हा शेरा मारला की घड्याळ थांबतं. अहवालात मग काम ४ दिवसांत झालेलं दिसतं आणि अर्जदार मात्र तीन आठवडे वाट बघत असतो. नकाशासाठी थांबलेलं घड्याळ चालूच धरा.

सरासरी. वीसातली दोन प्रकरणं महिनोन्महिने रखडलेली असली की सरासरी फुगते आणि तिच्यावरून नेहमीच्या प्रकरणाची कल्पना येत नाही. वीस प्रकरणं चढत्या क्रमाने लावून मधलं बघा, आणि सर्वांत वाईट प्रकरण वेगळं लिहा.

कामाचे दिवस की कॅलेंडरचे दिवस. कुठलेही चालतील, पण पूर्ण नकाशात एकच धरा. ग्राहक सुट्ट्याही मोजतो, हे लक्षात असू द्या.

५. सद्यस्थितीचा नकाशा काढा

चिन्हांची धास्ती घेऊ नका. वरच्या उजव्या कोपऱ्यात ग्राहक, वरच्या डाव्या कोपऱ्यात काम जिथून येतं ते. सेवेच्या कामात पुष्कळदा दोन्हीकडे एकच माणूस असतो. अर्ज तोच देतो आणि दाखला तोच नेतो. आपल्या उदाहरणातही बिल पाठवणारा आणि पैसे घेणारा एकच.

मधल्या पट्ट्यात डावीकडून उजवीकडे कामाचे चौकोन. प्रत्येकाखाली एक छोटी चौकट, तिच्यात काम-वेळ आणि निर्दोष प्रमाण. दोन चौकोनांच्या मध्ये त्रिकोण किंवा इनबॉक्सचं चित्र, आणि त्यात पडून असलेल्या कामांची संख्या. वरच्या पट्ट्यात माहिती कशी फिरते ते: कोण कुणाला ईमेल करतं, कोणतं सॉफ्टवेअर, कोण फोनवरून "माझ्या बिलाचं काय झालं?" विचारतं. कागदावरच्या माहितीला सरळ बाण, इलेक्ट्रॉनिक माहितीला विजेसारखा मोडका बाण.

तळाशी शिडीसारखी रेघ: एका पातळीवर थांबे, दुसऱ्या पातळीवर काम-वेळ. नकाशाचा जीव या रेघेत आहे. ती काढली नाही तर तुम्ही साधा फ्लोचार्टच काढलाय असं समजा.

चौकोन किती असावेत? पाच ते बारा. त्याहून जास्त होत असतील तर तुम्ही खूप खोलात शिरलात. काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेलं किंवा मध्येच थांबून राहिलं, तरच नवा चौकोन. एकाच माणसाने सलग केलेल्या सहा क्लिक हा एक चौकोन.

परत जाणाऱ्या कामाचे उलटे बाण लाल पेन्सिलने काढा. हे बाण लपवण्याकडे कल असतो, कारण चित्र घाणेरडं दिसतं. दिसू द्या.

६. आता गणित

उदाहरणातले पाच चौकोन असे धरू:

- आवक नोंद: थांबा १ दिवस, काम ५ मिनिटं, निर्दोष ७० टक्के
- खरेदी विभागाची पडताळणी: थांबा ३ दिवस, काम १५ मिनिटं, निर्दोष ८० टक्के
- विभागप्रमुखांची मंजुरी: थांबा ४ दिवस, काम ५ मिनिटं, निर्दोष ९५ टक्के
- लेखा विभागाची नोंद: थांबा २ दिवस, काम १० मिनिटं, निर्दोष ९० टक्के
- पैसे पाठवणं, आठवड्यातून एकदा: थांबा सरासरी अडीच दिवस, काम ५ मिनिटं

थांबे मिळून १२.५ दिवस. आठ तासांचा म्हणजे ४८० मिनिटांचा दिवस धरला तर ६,००० मिनिटं. प्रत्यक्ष काम ४० मिनिटं. म्हणजे लागलेल्या वेळातला एक टक्काही कामात गेला नाही.

सगळ्यांनी दुप्पट वेगाने काम केलं असं धरा. काम ४० ऐवजी २० मिनिटांत झालं. साडेबारा दिवसांत वाचली २० मिनिटं. आता दुसरा विचार करा: पैसे आठवड्यातून एकदा पाठवण्याऐवजी दोनदा पाठवले. अडीच दिवसांचा थांबा साधारण सव्वा दिवसावर येतो, म्हणजे ६०० मिनिटं वाचली आणि कुणालाही हात भरभर चालवावे लागले नाहीत. "लोकांना जरा कामाला लावा" म्हणणाऱ्या वरिष्ठांना हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवा.

निर्दोष प्रमाणांचा गुणाकार करा: ०.७० × ०.८० × ०.९५ × ०.९० म्हणजे सुमारे ०.४८. निम्म्याहून जास्त बिलं वाटेत कुठे ना कुठे एकदा तरी अडतात, परत जातात किंवा कुणाला तरी फोन करायला लावतात. बैठकीत या आकड्यावर वाद होतो. होऊ द्या. प्रत्येक टेबल आपापल्या जागी ठीकठाक दिसत असतं, म्हणून हा गुणाकार कुणाला खराच वाटत नाही.

७. थांब्यामागचं कारण शोधा

थांबा दिसला की लोक थेट उपायावर उडी मारतात. आधी प्रत्येक त्रिकोणाला विचारा: काम इथे का थांबलंय? ऑफिसात कारणं बहुधा तीनच निघतात.

पहिलं, गठ्ठा. आठवड्याचं पेमेंट, संध्याकाळची सही, महिन्याची समिती. गठ्ठा करणाऱ्याची सोय होते आणि बाकीच्या सगळ्यांची वाट बघणं वाढतं. हे सर्वांत सोपं कारण आहे, कारण बदलायचं असतं ते फक्त वेळापत्रक.

दुसरं, परतफेर. खरेदी विभागाकडे रोज २० बिलं येतात आणि एकाला १५ मिनिटं लागतात, म्हणजे ३०० मिनिटं. पण आवक टेबलावरून आलेली ३० टक्के बिलं अर्धवट असतात. ती परत पाठवून पुन्हा पूर्ण तपासावी लागली, तर २० ची २६ होतात आणि ३०० मिनिटांची ३९०. खरेदी विभाग "माणूस द्या" म्हणतो, ते खोटं नसतं. पण त्याचा दीड तास खातंय ते आवक टेबलावर खरेदी आदेशाचा क्रमांक न बघता घेतलेलं बिल. उपाय तिथे, मागे आहे.

तिसरं, खच्चून भरलेलं टेबल. हे समजायला जरा कठीण जातं, म्हणून थोडं थांबून बघू. कामं अनियमित येतात आणि प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागतो. अशा रांगेचं सगळ्यात साधं गणित सांगतं की माणूस ५० टक्के व्यग्र असेल, तर आलेल्या कामाला सरासरी एका कामाच्या वेळेइतकं थांबावं लागतं. ८० टक्के व्यग्र असेल तर चौपट, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. तुमच्या ऑफिसातले आकडे हेच येतील असं नाही, पण रेघ अशीच वर चढते. म्हणून "कुणीही क्षणभर रिकामं दिसता कामा नये" असं चालवलेल्या ऑफिसात फाइली हमखास तुंबतात. अडचणीच्या टेबलावर थोडी मोकळीक ठेवणं हा आळस नव्हे, हे वरिष्ठांना पटवणं या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम आहे.

टोयोटाच्या ताईची ओहनो यांनी सांगितलेल्या सात प्रकारच्या अपव्ययांची यादी तुम्हाला सगळीकडे भेटेल. ऑफिसात ती यादी समोर ठेवून प्रत्येक प्रकार शोधत बसू नका. नकाशावरचे सगळ्यात मोठे दोन त्रिकोण घ्या आणि ही तीन कारणं लावून बघा.

८. भावी स्थितीचा नकाशा

नवा कागद घ्या. जुन्या नकाशात खाडाखोड करू नका, तो तुलनेला लागणार आहे.

"आदर्श प्रक्रिया" काढायला बसू नका. तीन ते सहा महिन्यांत, आहे त्या माणसांत आणि आहे त्या सॉफ्टवेअरवर काय होऊ शकेल तेवढंच काढा. प्रश्न या क्रमाने विचारा:

- कोणता चौकोन पूर्ण काढून टाकता येईल? छोट्या रकमेच्या बिलाला विभागप्रमुखाची सही खरंच लागते का, की खरेदी आदेशावर आधीच झालेली सही पुरते?
- चूक उगमाशीच कशी अडवता येईल? क्रमांक नसलेलं बिल आवकेतच स्वीकारायचं नाही, आणि पुरवठादाराला हे आधी कळवायचं.
- कोणते दोन चौकोन एका हातात आणता येतील? हातबदल कमी, तेवढे त्रिकोण कमी.
- गठ्ठा लहान कुठे करता येईल?
- जिथे रांग राहणारच आहे, तिथे आधी येईल त्याचं आधी हा नियम आणि ढिगाला वरची मर्यादा घालता येईल का?

पहिला प्रश्न शेवटी विचारला, तर जी पायरी काढून टाकायला हवी होती तिच्यावरच तुम्ही मेहनत करून ती चकाचक कराल. 'हे ऑनलाइन करू' हा उपायही पहिल्या चार प्रश्नांनंतरच. निम्मी बिलं परत फिरवणारी प्रक्रिया ऑनलाइन नेली, तर ती निम्मी बिलं ऑनलाइन परत फिरतील.

कायद्याने, लेखापरीक्षणाने किंवा सुरक्षेसाठी लागणारी तपासणी ग्राहकाच्या दृष्टीने मोलाची नसली, तरी ती काढता येत नाही. मात्र "ऑडिटला लागतं" असं कुणी म्हटलं, की नियम नेमका कुठे आहे ते शांतपणे विचारा. काही वेळा नियम सापडतो. काही वेळा ती कधीकाळच्या एका साहेबांची सूचना निघते आणि साहेब केव्हाच निवृत्त झालेले असतात.

९. कामाची यादी आणि पुन्हा मोजणी

भावी नकाशावर बदलाच्या जागी स्फोटासारखं चिन्ह काढतात. प्रत्येक स्फोटाला एक ओळ लिहा: काय बदलायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, कोणता आकडा किती होणार. 'कोण' या रकान्यात विभागाचं नाव चालत नाही, तिथे माणूसच हवा. नकाशावर नावं टाळली होती, इथे ती हवीत. एका वेळी दोन-तीनच बदल सुरू करा, नाहीतर आकडा कशाने हलला ते कळणार नाही.

महिन्याभराने पुन्हा नुकतीच पूर्ण झालेली २० प्रकरणं काढून त्याच पद्धतीने मोजा. एकूण दिवस, गुणाकाराचं निर्दोष प्रमाण आणि प्रत्येक त्रिकोणातला ढीग, एवढंच बघा. एकूण दिवस कमी झाले नसतील, तर उपाय फसला असं लगेच ठरवू नका. पुष्कळदा एका टेबलाचा ढीग उतरतो आणि पुढच्या टेबलावर जाऊन बसतो. खरेदी विभाग मोकळा झाला की लेखा विभागाकडे एकदम जास्त बिलं पोचतात, आणि काल दिसत नसलेली तिथली मर्यादा आज उघडी पडते. अशा वेळी सगळी टेबलं पुन्हा हिंडून ढीग मोजा, सर्वांत मोठा कुठे गेलाय ते बघा, आणि सातव्या पायरीपासून परत सुरू करा.